काजूची ब्राउनी, वर नारळ-गुळाचा गरम चॉकलेट रस

ब्राउनी मूळची अमेरिकेतली, आणि तिच्यात अक्रोड किंवा पेकन घालायची पद्धत आहे. कोकणात घरात काजू असतात म्हणून अक्रोडाच्या जागी तेवढेच काजू टाकले, तर ब्राउनी होते, पण काजू तिच्यात हरवतो. अक्रोडात साधारण ६५ टक्के तेल असतं, काजूत ४५ टक्क्यांच्या आसपास, आणि पिष्ट बरंच जास्त. हे पिष्ट ओलावा ओढून घेतं. ओल्या मिश्रणात अर्धा तास भाजला जाऊन निवलेला कच्चा काजू मऊ लागतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला चवही उरत नाही. त्यात आपली हवा दमट. साखर, कोको, गूळ, भाजलेले काजू, ब्राउनीची वरची पापडी, सगळ्यांना पाणी सुटतं किंवा सगळेच पाणी ओढतात. खालची कृती या ओलाव्याला धरूनच बेतली आहे.

काजूपासून सुरुवात. सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळच्या बाजारात काजूगर प्रतीनुसार मिळतात. डब्ल्यू-२४० किंवा डब्ल्यू-३२० यातला आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात तो. आकडा लहान तेवढा गर मोठा. ब्राउनीसाठी अख्ख्या गरांवर पैसे घालवू नका. पाकळी, म्हणजे गराचं दोन भागांत सुटलेलं अर्धुक, स्वस्त पडते, सपाट असल्यामुळे मिश्रणात नीट बसते आणि सुरीखाली घरंगळत नाही. कणी मात्र नको. ती मिश्रणात विरघळल्यासारखी होते आणि दाताला काहीच लागत नाही. सालीसकट काजू मिळाले तर चव चांगली असते, पण साल तुरट असते आणि डार्क चॉकलेटच्या कडवटपणात तो तुरटपणा भर घालतो. भाजून कापडात चोळून साल काढा. मार्च-एप्रिलमधले ओले काजूगर उसळीसाठीच ठेवा. त्यांत इतकं पाणी असतं की त्यांच्याभोवतीची ब्राउनी कच्ची राहते. आणि घरी झाडाची बी असली तरी ती घरच्या ओव्हनमध्ये भाजायचा विचारही करू नका. टरफलातलं तेल तापून उडतं, कातडी भाजतं, धूर डोळ्यांत जातो. ते काम कारखान्याचं.

२० सेंटिमीटर (८ इंची) चौकोनी, ५ सेंटिमीटर उंच टिनसाठी हे प्रमाण. १६ तुकडे होतात.

डार्क चॉकलेट (५० ते ६० टक्के कोको) १५० ग्रॅम
बिनमिठाचं लोणी ११५ ग्रॅम
साखर २०० ग्रॅम
अंडी ३ (टरफलाशिवाय मिळून १५० ग्रॅम)
मैदा ७५ ग्रॅम
कोको पावडर २५ ग्रॅम
काजू पाकळी १४० ग्रॅम
इन्स्टंट कॉफी १ छोटा चमचा
व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा
मीठ अर्धा छोटा चमचा

छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा. बेकिंग पावडर आणि सोडा यात नाही, विसरलेला नाही. अंड्यात फेटलेली हवा तेवढी पुरते. सोडा घातला की ब्राउनीचा चॉकलेट केक होतो. वजनकाटा नसेल तर मैदा मोजताना खास काळजी घ्या. २४० मिलीच्या कपात सैल भरलेला मैदा १२० ग्रॅमच्या आसपास बसतो आणि दाबून भरला तर १५० पर्यंत जातो. इथे मैदा मुळात ७५ ग्रॅमच असल्यामुळे २० ग्रॅमचा फरकही ब्राउनी कोरडी करायला पुरेसा आहे.

चॉकलेटच्या पाकिटाची मागची बाजू वाचून मगच घ्या. छोट्या गावांतल्या दुकानांत बहुधा कंपाउंड मिळतं. त्यात कोको बटरच्या जागी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असतं. ते उकाड्यात वितळत नाही म्हणून दुकानदाराला सोयीचं, पण तोंडात मेणासारखा थर ठेवतं आणि गोडही जास्त असतं. तेच वापरावं लागलं तर साखर १६० ग्रॅम करा आणि कोको १० ग्रॅमने वाढवा. आता कुणी म्हणेल, कोको बटरच हवं तर आपलं भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, काय वाईट? गंमत म्हणजे युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक नियमांत कोको बटरखेरीज ज्या सहा वनस्पतिजन्य मेदांना ५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, त्यांत कोकमाच्या बियांचं तेलही आहे आणि आंब्याच्या कोयीचंही. पण बाजारात टाचांच्या भेगांना लावायला म्हणून मिळणारं भिरंडेल खाण्यासाठी शुद्ध केलेलं असेलच असं नाही. ते टाचांनाच लावा.

लोणी मिठाचं असेल तर वेगळं मीठ घालू नका. घरचं लोणी वापरायचं तर दोनतीन पाण्यांतून धुऊन, हाताने दाबून पाणी काढून घ्या. ताक उरलं की चॉकलेटमध्ये पाणी गेलंच.

आधी काजू भाजा. ओव्हन १६० अंशांवर तापवून काजू ताटात एका थरात पसरा. सात मिनिटांनी, अजून फिकट असतानाच, ४० ग्रॅम बाजूला काढून ठेवा. ते वर लावायचे आहेत. पुढे ओव्हनमध्ये ते उघडेच असणार, आत्ताच पुरते भाजले तर नंतर करपतील. उरलेले १०० ग्रॅम आणखी पाच-सहा मिनिटं, बदामी रंग येऊन वास सुटेपर्यंत भाजा. नुसता सोनेरी रंग पुरत नाही. नेहमी जिथे थांबता त्याच्या थोडं पुढे जा. आतले काजू ओलावा पिणारच आहेत, तेव्हा सुरुवातीला ते जेवढे कोरडे तेवढं बरं. ताट बाहेर काढल्यावर काजू लगेच दुसऱ्या थाळीत ओता, नाहीतर तापलेल्या ताटात ते भाजत राहतात. निवल्यावर पाकळीचे दोन किंवा तीन तुकडे करा, बारीक नको.

ओव्हन आता १७५ अंशांवर ठेवा. ओटीजी असेल तर खालच्या-वरच्या दोन्ही कॉइल चालू आणि टिन मधल्या कप्प्यात. ओटीजीच्या खटक्यावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत २० अंशांचा फरक सहज असतो, म्हणून आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घेतलेला बरा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे ओव्हन तापायला दुप्पट वेळ लागतो. दिवा विझला की तापला असं धरून चालू नका, दिवा विझल्यावर पाच मिनिटं आणखी थांबा. टिनला बटर पेपर लावा, दोन बाजूंनी तो कडेच्या वर येऊ द्या. ब्राउनी उचलायला तोच उपयोगी पडतो.

चॉकलेटचे तुकडे आणि लोणी एका कोरड्या भांड्यात घेऊन खाली गरम पाण्याचं पातेलं ठेवा. पाणी भांड्याच्या बुडाला लागू नये, आणि खळखळून उकळूही नये. पावसाळ्यात इथेच घात होतो: वाफ भांड्याच्या कडेवर जमते, थेंब चॉकलेटमध्ये उतरतो आणि वितळलेलं चॉकलेट एकदम घट्ट, रवाळ होतं. कोको आणि साखरेचे कोरडे कण त्या थेंबभर पाण्याने एकमेकांना चिकटतात. लोणी सोबत असलं की हा धोका कमी होतो, म्हणून दोन्ही एकत्रच वितळवा. तरीही आटलंच, तर एक मोठा चमचा गरम पाणी घालून जोरात ढवळा. थोड्या पाण्याने बिघडलेलं चॉकलेट पुरेशा पाण्याने पुन्हा सैल होतं. सगळं वितळण्याच्या जरा आधीच भांडं उतरवा, उरलेले तुकडे उबेनेच विरघळतात. त्यातच कॉफी घाला. कॉफीची चव वेगळी कळत नाही, चॉकलेटची गडद होते. मिश्रण कोमट होऊ द्या: बोट बुडवलं तर ऊब लागावी, चटका नाही.

वरची चकचकीत, पातळ पापडी हवी असेल तर सगळी मेहनत साखरेवर. आपल्याकडची साखर जाड दाण्याची, अंड्यात ती पाच मिनिटांत विरघळत नाही. मिक्सरमध्ये पाच-सहा सेकंद फिरवून बारीक रव्याइतकी करा. विकतची आयसिंग शुगर नको, तिच्यात कॉर्नफ्लॉर असतं. अंडी फ्रिजमधली असतील तर तासभर आधी काढून ठेवा. थंड अंड्याने लोणी गोठतं आणि मिश्रण फुटल्यासारखं तेलकट दिसतं. अंडी, साखर, मीठ आणि व्हॅनिला विजेच्या बीटरने मध्यम गतीवर चार ते पाच मिनिटं फेटा. मिश्रण फिकट होतं, जवळजवळ दुप्पट होतं आणि बीटर उचलला की फितीसारखं पडतं. दोन बोटांत चोळून पाहा, कण लागायला नकोत. हीच विरघळलेली साखर भाजताना वर येऊन पापडी धरते. हाताने फेटणार असाल तर आठ-दहा मिनिटं धरून चला.

कोमट चॉकलेट त्यात ओतून रबरी चमच्याने खालून वर असं हलकेच मिसळा. मैदा आणि कोको एकत्र दोनदा चाळून घाला. दमट हवेत कोकोच्या गुठळ्या होतात आणि त्या ओल्या मिश्रणात फुटत नाहीत. भाजल्यावर कडू गाठी म्हणून लागतात. पांढरे पट्टे दिसेनासे झाले की थांबा. याच्या पुढे ढवळलं तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि ब्राउनी चिवट होते. बदामी काजू घालून दोनदा फिरवा, मिश्रण टिनमध्ये ओता, कोपऱ्यांपर्यंत पसरवा आणि फिकट काजू वर पेरून बोटाने जरासे दाबा.

२४ ते २८ मिनिटं. बावीसाव्या मिनिटाला पाहायला लागा. कडा टिनपासून किंचित सुटलेल्या, मध्यभाग टिन हलवल्यावर लपलपत नाही पण दाबला तर मऊ, ही खूण. मधोमध टोचलेल्या काडीला ओलसर चुरा चिकटून यायला हवा. पातळ पीठ आलं तर तीन मिनिटं आणखी. काडी अगदी स्वच्छ आली तर उशीर झाला. केकची सवय असलेल्यांची ब्राउनी हमखास इथे कोरडी होते, कारण स्वच्छ काडीची वाट पाहिली जाते. टिन तापलेलं असल्यामुळे बाहेर काढल्यावरही मध्यभाग शिजत राहतो. काजू आधीच गडद व्हायला लागले तर वर फॉइल सैल ठेवा. काळ्या टिनमध्ये कडा लवकर कडक होतात, तेव्हा तापमान १६५ वर आणा. भाजताना दिवे गेले, आणि पंधरा मिनिटं होऊन गेली असली, तर दार मुळीच उघडू नका. ओव्हनमधली धग बरंच काम पुढे नेते. वीज आल्यावर काडी टोचून उरलेला वेळ ठरवा. पहिल्या दहा मिनिटांतच गेली तर मात्र मध्यभाग बसणार, त्यावर इलाज नाही. तुकडे करून रसात बुडवून वाढा, तक्रार कुणी करत नाही.

ब्राउनी टिनमध्येच पूर्ण निवू द्या, निदान दोन तास. गरम कापली तर सुरीला चिकटून चुरा होतो. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसत कापा.

आता रस. शिरवाळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांबरोबरचा, किंवा घावनांचा गोड रस ज्यांच्या घरी होतो त्यांना यातलं अर्धं आधीच ठाऊक आहे: नारळाच्या रसाला उकळी येऊ द्यायची नाही. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक थेंब, आणि त्यांना धरून ठेवणारी थोडी प्रथिनं. उकळलं की ही प्रथिनं गोळा होतात, तेल सुटून वर येतं आणि चॉकलेटचा रस तेलाच्या तवंगाखाली चोथ्यासारखा दिसायला लागतो. गाईच्या दुधापेक्षा नारळाचं दूध इथे सोयीचं पडतं ते गुळामुळे. गुळातल्या आम्लाने आणि क्षारांनी गरम दूध नासतं, नारळाचं दूध तसं नासत नाही. फुटतं ते फक्त जाळ जास्त झाला म्हणून.

एका मध्यम नारळाचा चव, दीड वाटी कोमट पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवा आणि पंचातून घट्ट पिळा. पहिलं दाट दूध २०० मिली हवं. दुसऱ्यांदा पिळलेलं पातळ दूध यात घालू नका, कढीत जाऊ द्या. डब्यातलं नारळाचं दूध चालतं, पण त्याचा डबा आधी हलवून घ्या. गूळ १०० ग्रॅम, गडद आणि मऊ. चिक्कीचा गूळ नको, त्याचा पाक तारेवर येतो आणि रस निवताच ओढला जातो. पावसात पाझरलेला गूळ असेल तर त्याच्या वजनात पाणीही आहे हे लक्षात घेऊन १० ग्रॅम जास्त घ्या. गुळात तीन मोठे चमचे पाणी घालून मंद आचेवर विरघळवा आणि बारीक गाळणीतून गाळा. वाळू आणि उसाची कुसं यात निघतातच, न गाळलेला रस दाताखाली कचकचतो. गाळलेला गूळ पुन्हा आचेवर ठेवून तीन मिनिटं उकळा, थोडा दाट होईपर्यंत. उकळायचं असतं ते एवढंच, आणि तेही नारळ घालण्यापूर्वी.

आच बंद करून दोन मिनिटं थांबा. २० ग्रॅम कोको आणि सपाट छोटा चमचाभर तांदळाची पिठी चार मोठे चमचे नारळाच्या दुधात गुठळी न ठेवता कालवा. हे गुळात मिसळा, मग उरलेलं दूध बारीक धारेने, सतत ढवळत घाला. आता मंद आच. पाच-सहा मिनिटांत वाफा यायला लागतात, कडेला बारीक बुडबुडे दिसतात. तिथे आच आणखी कमी करा आणि चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत ढवळत राहा. पिठी रस धरून ठेवते, तेल सुटू देत नाही. उतरवून ४० ग्रॅम बारीक चिरलेलं डार्क चॉकलेट, चिमूट मीठ आणि किसलेलं जायफळ, पाव छोट्या चमच्यापेक्षा कमी, घाला. वेलची नको. शिरवाळ्यांच्या रसात ती शोभते, चॉकलेटबरोबर तिचा वास भांडतो. जायफळ मात्र दोघांशी जमवून घेतं.

रस फुटलाच, तर भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून दोन मोठे चमचे थंड नारळाचं दूध घाला आणि रवीने किंवा हँड ब्लेंडरने अर्धा मिनिट घुसळा. नव्वद टक्के वेळा सावरतो. निवल्यावर रस बराच दाट होतो. पाणी घालून पातळ न करता नुसता गरम केला तरी पुन्हा ओघळता होतो.

वाढताना ब्राउनीचा तुकडा आधी कोमट करा. मायक्रोवेव्हमध्ये १५ सेकंद, नाहीतर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर तीन मिनिटं. थंड तुकड्यावर गरम रस ओतला तर तो लगेच गोठून थर धरतो आणि मुरत नाही. एका तुकड्याला दोन मोठे चमचे रस पुरे. वर जाडं मीठ बोटांत चुरडून चार कण. मिठागराचं खडा मीठ असेल तर बत्त्याने आधी कुटून घ्या, अख्खा खडा दातावर आला तर सगळी मजा जाते. आंबटपणा हवा असेल तर बशीच्या कडेला अमृतकोकमाचे थोडे थेंब टाका. आगळ नको, ते खारट असतं. आइस्क्रीम घालायचं तर नारळाचं किंवा साधं व्हॅनिला, आणि रसाच्या आधी.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात किंवा रिंग-शिट्टी काढलेल्या जुन्या कुकरमध्ये करता येते. तळाला बोटभर जाडं मीठ, वर जाळी, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. यात १८ सेंटिमीटरचा गोल टिन बसतो. त्याचं क्षेत्रफळ चौकोनी टिनच्या दोन तृतीयांशाहून थोडंच कमी असतं, म्हणून सगळं प्रमाण दोन तृतीयांश करा: अंडी २, साखर १३५, मैदा ५०, चॉकलेट १००, लोणी ७५, याप्रमाणे. मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं लागतात. झाकणाखाली पाणी साठून ब्राउनीवर टपकतं, त्यासाठी झाकण जाड कापडात गुंडाळा आणि कापडाची टोकं वर बांधा, जाळापासून लांब. पापडी यात फारशी धरत नाही आणि वरचे काजू पांढरेच राहतात, म्हणून सगळे काजू बदामी भाजून आतच घाला. याउलट घरात २३ सेंटिमीटरचा गोल केक टिन असेल तर त्यात पूर्ण प्रमाण जसंच्या तसं बसतं.

अंडं चालत नसेल तर तीन अंड्यांऐवजी १५० ग्रॅम गोडसर, घट्ट दही, मैदा १०० ग्रॅम, साखर १७० ग्रॅम आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा. दही-साखर विरघळेपर्यंत फेटा, सोडा मैद्यात चाळा. चव चांगली येते, पोत थोडा केककडे झुकतो, चकाकी येत नाही.

पापडी पावसाळ्यात काही तासांतच मऊ पडते, म्हणून पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर दुपारी भाजा, आदल्या रात्री नको. पूर्ण निवण्याआधी डबा बंद केला तर आतल्या वाफेने बुरशी लवकर धरते. जून ते सप्टेंबर बाहेर दोन दिवस, थंडीत चार दिवस, फ्रिजमध्ये आठवडाभर. फ्रीजरमध्ये प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळून दोन महिने ठेवता येतो. बाहेर काढल्यावर गुंडाळी न सोडता निवांत मऊ होऊ द्या, म्हणजे दव तुकड्यावर न जमता कागदावर जमतं. रस मात्र ताज्या नारळाचा, उन्हाळ्यात बाहेर तीन-चार तासांत आंबतो. फ्रिजमध्ये दोन दिवस धरा, गरम करताना पुन्हा उकळी येऊ देऊ नका, आणि ब्राउनी आधी संपली तर उरलेला रस सकाळी घावनांबरोबर वाढा.